दुपट्याची बाहुली

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात भांडण झालं आणि ते मीच केलं.

नातसुनेचं तान्हं बाळ मागच्या महिन्यात गेलं. त्याच्या दुपट्याची तिनं एक बाहुली शिवली, ती तिच्या कुशीतच असते. आज शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "नदीत सोड गं ती. अशानं मन तिथंच अडकतं."

मी मूळचा पासली गावचा. भोर संस्थान होतं तेव्हा माझी तान्ही बहीण गेली. आईनं चिंध्यांची बाहुली केली. भातलावणीला जाताना ती झोळीत घालून बांधावरच्या झाडाला टांगायची. बाया हसायच्या, "आगं, चिंध्यांना कुनी जोजवतं व्हय?" आई चिखलातून मान वर न करता म्हणायची, "दुक माजं हाय, तवा म्याच जोजवीन. तुमी तुमची लावनी करा."

शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत, पण त्यांच्याआधी आईचं हे बोलणं आठवतं.

सुमनबाईंना म्हणालो, "नदीला पाणी पुष्कळ आहे. बाहुली घरातच राहील."

बाहुली माझ्या मांडीवर ठेवून नातसून कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

मी अजून तसाच ओट्यावर बसलोय, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा. ज्याला हसायचंय, त्यानं समोर येऊन हसावं.