आडवा बसवलेला गोळा

आमच्याकडे चाकाला बाईमाणसानं हात लावायचा नाही. माती मात्र बाईनंच करायची. मूल शहराजवळच्या आमच्या गावात सगळ्या कुंभारांकडे हीच रीत होती.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता, चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझं लग्न झालं आणि मातीचं काम आईकडून बायकोकडे आलं. चिमूटभर माती दातांखाली घेऊन ती कचकच लागते का पाहायची. तुडवून झालेली माती तळहातानं दाबत, थोडी फिरवत, पुन्हा दाबत मळायची. त्यानं मातीच्या पोटात शंखासारखा पीळ पडतो. तयार गोळा ती राख भुरभुरलेल्या फळीवर उभा ठेवायची. चाकावरही तो तसाच उभा बसवायचा असतो. आडवा बसवला तर भांडं छान उठतं, पण सुकताना बुडाला वाकडी चीर जाते. हे वडिलांनी मला शिकवलेलं होतं.

अक्षय तृतीया जवळ आली होती. पितरांना पाणी ठेवायला घरोघरी कोरा करा, म्हणजे मातीचा लहान गडवा लागतो. मी घाईत होतो. गोळा हाती येईल तसा उचलून चाकावर आपटत होतो. सावलीत सुकलेले करे आईनं उलटे केले, तर बऱ्याच बुडांना चिरा.

"माहेरी माती मळली का नुसत्या भाकरीच थापल्या वो?" आई बायकोला म्हणाली.

शेजारचे काका कुंपणापलीकडून हसले. "वहिनी, पितरायले पाणी पाजाचं हाय का गाळून द्याचं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी चाक पुसत बसलो.

"उद्यापासून मातीले हात लावू नको," आईनं सांगून टाकलं. "तुह्या हाताले माती साधत नाई."

दुसऱ्या दिवशी आईनं माती मळली. मी एकेक गोळा जपून उभा बसवला. एखादा मुद्दाम आडवा बसवावा, म्हणजे बायकोवरचा आळ जाईल, असं मनात आलं होतं. गोळा हातात धरून थांबलोसुद्धा. मग उभाच बसवला. एकही करा चिरला नाही. आईनं ते करे आळीभर दाखवले. बायकोचा हात वाईट, हे मीच सिद्ध करून दिलं.

ती त्यानंतर भट्टीची लाकडं आणू लागली.

आई गेल्यावर मी एकदा धीर केला. बायको तांदूळ निवडत होती.

"माती बरोबर होती. चूक माही होती."

"मले त्याच दिवशी समजलं. तुमी गोळे आडवे पाडून राह्यले होते. मी दारातून पाह्यलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"चाकाचं बाईनं बोलावं? अन् तुमी तं तिथीच बसले होते."

मी म्हटलं, उद्यापासून माती तूच मळ. ती म्हणाली, "नाई. माह्या हातची माती म्हटलं का गाहाक बुडच पाह्यते."

आता माती मीच मळतो. पुरुषमाणूस माती काऊन मळते, असं लोक विचारतात. मी झालं ते सगळं खरं सांगतो. ते हसतात. म्हणतात, बायकोची बाजू सांभाळून घेते बिचारा.