मनोऱ्यावरची वीस मिनिटं

माझा मामा धूर बघून तो कोणाचा ते सांगायचा. सव्वीस वर्षं तो जंगलखात्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता. एकशे अठरा लोखंडी पायऱ्या, वर चारी बाजूंनी काचा असलेली खोली, एक दुर्बीण, एक फोन आणि एक नोंदवही. पांढरा दाट धूर म्हणजे बेकरीवाल्याने ओली लाकडं घातली. निळसर, बारीक म्हणजे शाळेचा माळी पाला जाळतोय. मातकट आणि आळशी, तो वीटभट्टीचा. आमच्याकडे जेवायला आला की आई त्याला चिडवायची, "सांग बघू, आज माझं काय करपलंय?" तो म्हणायचा, "त्याला धूर कशाला हवा? तुझं तोंड दिसतंय की."

गेल्या उन्हाळ्यात वणवा पेटला. मामाने शेवटपर्यंत मनोरा सोडला नाही, फोनवर फोन करून तीन गावं वेळेत रिकामी करवली. त्याचा सत्कार झाला, फोटो छापून आला. आईने तो फ्रेम करून दिला, तर याने कपाटामागे सरकवून ठेवला. मला वाटलं, म्हातारा लाजतोय. माणसं ओळखण्यात मी अशी हुशार!

वर्ष होत आल्यावर एके दिवशी म्हणाला, "रविवारी गाडी काढशील? भट्टीवाल्या वहिनींना भेटायचंय." भट्टीवाला त्याचा जुना दोस्त. वणव्यात गेला तो. गाढवं सोडायला मागे फिरला आणि आलाच नाही. मामा तेव्हापासून तिकडे फिरकला नव्हता.

सकाळी निघालो. घाट उतरला आणि मी बडबड बंद केली. दोन्ही अंगांना काळे बुंधे उभे होते, फांद्या नाहीत, काही नाही. बुडाशी मात्र हिरवे कोंब फुटलेले, इतके कोवळे की बघवत नव्हतं. विजेचे खांब नवे होते. घरांवर नवे कोरे पत्रे चमकत होते आणि त्यांच्याखाली भिंती तशाच काजळलेल्या. एका अंगणात नुसता जिना राहिला होता, त्यावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मला रडू यायला लागलं. मामा काचेला नाक लावून बसला होता.

ओढ्यापाशी त्याने गाडी थांबवायला लावली. उतरला नाही. म्हणाला, "तुला आधी सांगतो, म्हणजे तिथे जीभ अडखळणार नाही."

नियम असा होता की कुणालाही काही पेटवायचं असेल तर आधी मनोऱ्यावर फोन करायचा. भट्टीवाला हटकून विसरायचा. दंड नको म्हणून मामा स्वतःच वहीत लिहून टाकायचा, 'भट्टी, फोन आला'. वर्षानुवर्षं.

"त्या दिवशी भट्टीच्या अंगाला मातकट धूर दिसला. मी लिहिलं, भट्टी, फोन आला. आणि डबा उघडून बसलो. धूर टेकडीच्या मागचा होता गं. वीस मिनिटांनी रंग बदलला, तेव्हा कळलं."

"अरे मामा, पण मग पुढे तूच तर सगळ्यांना..."

"पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हे वहिनींना माहीत नाही."

मी गाडी सुरू केली. परत फिरू या, असं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

भट्टीवाल्या काकू विटांच्या ढिगाआडून हात झटकत आल्या. भट्टी बंदच होती. उरलेल्या विटा त्या निवडून ठेवत होत्या. मामाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "भाऊजी! किती वाट बघायला लावलीत!" त्यांनी बाकडं पुसलं, चहा टाकला, माझी चौकशी केली.

मामाने तोंड उघडायच्या आत त्याच बोलू लागल्या. "तुमच्यावर यांचा फार भरवसा होता, भाऊजी. त्या दिवशी टेकडीमागे धूर दिसला. मी म्हटलं, चला, निघू या. तर हे म्हणाले, मनोऱ्यावर तो बसलाय ना? काही असतं तर त्याचा फोन आला असता. आणि माती मळायच्या घाण्याकडे गेले."

चहा ओतता ओतता, कौतुकाने सांगितलं त्यांनी. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याचा हात दाबला, नको, गप्प बस. पण तो उभा राहिला आणि त्याने सांगितलं. डब्याचंसुद्धा सांगितलं.

काकूंनी किटली खाली ठेवली. "किती वेळ म्हणालात?"

"वीस मिनिटं, वहिनी."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "ओढा पंधरा मिनिटांवर आहे," त्या म्हणाल्या. "गाढवं घेऊन निघालो असतो तरी पोचलो असतो."

मामा काहीतरी म्हणायला गेला, त्यांनी हात वर केला. आवाज चढला नव्हता. "वर्षभर मी वाऱ्याला शिव्या घातल्या, भाऊजी. सकाळ-संध्याकाळ. त्यावर दिवस निघत होते माझे. आता मी कोणाला शिव्या घालू? तुम्हाला? तुम्ही यांचे दोस्त. यांचा फोन आला असं लिहून तुम्ही यांनाच वाचवत होतात."

मला मामाचा संताप आला, आणि त्याची दयाही आली. स्वतःच्या उरावरचं ओझं त्याने वर्षभर वाहिलं होतं, आणि आता ते जसंच्या तसं या बाईच्या उरावरही होतं. त्याचं तसूभर कमी झालं नव्हतं.

"चहा प्या," काकू म्हणाल्या, "आणि निघा."

त्या पुन्हा विटांकडे गेल्या. मामाने उभ्या उभ्याच कढत चहा संपवला. मग कप हातात धरून तो तसाच उभा राहिला, कुठे ठेवावा ते त्याला कळेना.