काढून टाकलेली पानं

खळीचा वास आला की कारंजा गावातलं बाईंडिंगवाल्या चाचांचं दुकान आठवतं. विज्ञानकथा पुरस्काराची नामांकनं जाहीर झाली की आम्ही चौघे मित्र त्या कथांच्या झेरॉक्स चाचांकडून एकत्र बांधून घ्यायचो. एका वर्षी यादीत आमच्या लाडक्या लेखकाऐवजी भलतंच टोपणनाव होतं. "याले कायले घेतलं? कचरा असन," आम्ही दुकानातच भडकलो. चाचा टाके घालत राहिले. पुस्तक हातात आलं, तेव्हा तेवढीच कथा गायब. विचारलं तर म्हणाले, "तुमी कचरा म्हनलं, म्हनून काढली. माहीच होती ते." त्यानंतर चाचांनी काही लिहिलं नाही. आता चाचाही नाहीत. कचरा म्हटलं त्या दिवशी ती कथा आमच्यातल्या एकानंही वाचलेली नव्हती.