वरंध खोऱ्याचा रकाना

"रिकाम्या रकान्यातसुद्धा कुणीतरी राहतं," असं काशीराम नेहमी म्हणायचा.

महाडातल्या एका कॉलेजच्या कचेरीत तो कारकून होता. प्रवेश संपले की विद्यापीठाला एक तक्ता पाठवावा लागे. कुठल्या गावची किती मुलं, किती मुली, कितीजणांच्या घरात याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. बाकीच्यांना ते ओझं वाटे. काशीराम मात्र तो तक्ता घरून आलेल्या पत्रासारखा पुन्हा पुन्हा वाचायचा. बौद्धवाडीत मॅट्रिक झालेला तो पहिला, आणि कॉलेजात शिरला तो नोकरीलाच.

दहा वर्षांत तक्ता हलला होता. पोलादपूरकडची पोरं एस.टी. धरून येऊ लागली होती. औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले, तशी सायन्सची बाकं भरली. शहरातल्या मुली तिनाच्या तीस झाल्या. पण वरंध खोऱ्यातल्या मुलींचा रकाना दरसाल कोराच. तिथं आला की काशीरामला बसवत नसे. उठायचा, व्हरांड्यात जायचा, फाटकाकडे बघायचा, परत यायचा.

"तू फेऱ्या मारल्यास म्हणून पोरी येणार हायत काय रे?" शिपाई सदू विचारायचा.

चौऱ्याऐंशी साली गणपतीची सुट्टी संपली, त्याच दिवशी एक माणूस कचेरीत आला. नवा शर्ट, कानामागं राहिलेला गुलाल. वरंधच्या वरच्या वाडीतला रावजी, मुंबईला गोदीत कामाला. त्यानं पिशवीतून आपल्या मुलीचा, मंजुळाचा, प्रवेशाचा अर्ज काढला. कागदाला कुंकू लागलेलं होतं.

"सही केली हाय बघा."

मुदत संपून दीड महिना झाला होता.

"इतके दिवस कुठं होता कागद?" काशीरामनं विचारलं.

"देव्हाऱ्यात. गणपतीला घरी येतो तवाच मी सगळ्या सह्या करतो. आमच्याकडं तशीच रीत हाय."

तो गेल्यावर काशीरामनं कपाटातून उशिरा आलेल्या अर्जांचा गठ्ठा काढला. त्यात वरंध खोऱ्यातल्या सात मुली निघाल्या, वेगवेगळ्या सालांच्या. सातही अर्जांवर बापाची सही, सातही गणपतीनंतरचे, आणि सातांवर 'मुदतीनंतर' हा शेरा त्याच्या स्वतःच्या अक्षरात. इतकी वर्षं तो फाटकाकडे बघत होता, आणि पोरी त्याच्या पाठीमागच्या कपाटात होत्या.

पुढच्या जुलैत मंजुळानं पुन्हा अर्ज नेला. तो परत आला नाही. मुदत संपायच्या आदल्या दिवशी काशीरामनं रजा टाकली आणि वरंधची पहिली गाडी धरली.

मंजुळाची आई, ठमाबाई, भाताच्या लावणीत होती. मंजुळा त्याला बघताच घरात पळाली आणि देव्हाऱ्यातला अर्ज घेऊन बांधावर येऊन उभी राहिली.

"वहिनी, पालकाच्या जागी अंगठा उठवा," काशीराम म्हणाला. "उद्या शेवटचा दिवस."

"धनी येतील की गणपतीला."

"तोवर हिचं आणखी एक साल जाईल."

"आणि वाडी काय म्हणंल? म्हणंल, ठमाचा घरवाला हाय का गेला? धनी गेल्यावरच बाईचा अंगठा कागदाला लागतो, ठाव हाय ना तुमाला?"

काशीरामनं शाईची डबी काढली, झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"आये," मंजुळा म्हणाली, "गेलं सालभर मी देव्हारा पुसतेय गो. दर टायमाला वाटतं, बाबा आजच येतील."

ठमाबाईनं लेकीकडे पाहिलं. मग काशीरामला म्हणाली, "धन्यांना कोण सांगणार?"

"मी पत्र लिहितो त्यांना."

"पत्र नको. गणपतीला हितं या. त्यांच्या तोंडावर सांगा, मी सांगितलं म्हणून तिनं उठवला."

"येतो."

"जेवायलाबी बसावं लागंल."

"बसतो की."

तिनं बांधाच्या पाण्यात हात धुतला, लुगड्याला पुसला. अंगठा जरा सरकला, रेषा फिसकटल्या, पण रकाना भरला.

परतीची गाडी दुपारी होती. तेवढं थांबणं काशीरामला जमणारं नव्हतं. अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यानं शर्टाच्या आत सरकवला आणि महाडकडच्या बिरवाडीची वाट पायीच धरली. दर दहा पावलांवर त्याचा हात छातीशी जाई.

मंजुळा बांधावरून बघत होती. ठमाबाई अजून लावणीला वाकली नव्हती. निळा अंगठा चिखलाला लागू नये तसा हात वर धरून, तीही वळणापर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.