राहुरीच्या अलीकडे

देवाला निघालेल्या माणसावरच असा घाला का पडावा, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात धरून होते. पारनेरहून आम्ही सासूबाईंना पुणतांब्याला गोदावरीच्या स्नानासाठी नेत होतो. ह्यांनी गाडी एका कंटेनरच्या अगदी मागे लावली होती. "जरा अंतर ठेवा," मी म्हणाले. "अंतर ठेवलं की मधे दुसरा घुसतो," हे म्हणाले. मागच्या सीटवर सासूबाई डोळे मिटून नामस्मरण करत होत्या.

राहुरीच्या अलीकडे कंटेनरने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्याखाली शिरली. माझे पाय अडकले होते, मान वळत नव्हती. हे शुद्धीवर नव्हते. मागून सासूबाईंचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं, आणि त्यांच्यापर्यंत माझा हात पोहोचत नव्हता. "पांडुरंगा, कुणाला तरी पाठव," एवढंच मी म्हणू शकले.

आमच्या मागची गाडी बरीच लांब होती, म्हणून ती वेळेत थांबली. जामखेडचं एक जोडपं भाचीच्या निकाहला निघालं होतं. नवरा रस्त्यावर उभा राहून मागची वाहनं थोपवू लागला. बायको, शमीमभाभी, नव्या कपड्यांनिशी काचांमधून आत शिरली आणि तिने सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. मला दिसत काहीच नव्हतं. फक्त आवाज येत होता. "आजी, घाबरू नका, मी हाय ना. इट्टल म्हना. मीबी म्हनते तुमच्यासंगं." आणि ती खरंच म्हणू लागली. दोन आवाज होते, मग एकच उरला.

निकाह त्यांना गाठता आला नाही. आमच्या घरी फोन त्यांनीच केला होता. तेराव्याला दोघं आले. हे कुबडी घेऊन भिंतीशी बसले होते, कुणाकडे मान वर करून बघत नव्हते. भाभी त्यांच्यासमोर बसल्या. "भाऊ, आजी तुमच्यावर रागावल्या न्हवत्या. माज्या पोराला लई लागलं का, येवढंच इचारत हुत्या."

त्या दिवशी हे पहिल्यांदा रडले.

सासूबाईंना पुणतांब्याला नेता आलं नाही, ही सल जन्मभर राहील. अंतर ठेवा असं मी पुन्हा म्हणायला हवं होतं, हेही मनातून जात नाही. पण जिथे माझा हात पोहोचला नाही, तिथे पांडुरंगाने कुणाचा तरी पोहोचवला. आता मी देवाला जाब विचारत नाही. हात जोडते आणि भाभींना दुवा देते.