चार हात वाटेसाठी तीन पाय

गाठवाल्या मावशीशिवाय गावात बांधाचं एकही भांडण मिटत नसे. रीत साधी होती. भांडणाऱ्या दोघांना बांधाच्या टोकाच्या दगडापाशी शेजारी शेजारी उभं करायचं, एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा घोटा एकाच दोरीत बांधायचा आणि पलीकडच्या कुंपणापर्यंत चालवायचं. मागून सुतार पांढरी फक्की टाकत येई. रेघ पडेल तो बांध, मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. दोघं तीनदा पडले, तर वादातल्या पट्टीत काटे टाकून ती कायमची बंद. दोरी बांधायचं काम तीस वर्षं मावशीकडे होतं. बांधून झालं की कमरेवर हात ठेवून ती ओरडायची, "आधी बांधलेला, मग मोकळा!" आणि माणसं आपटली की तिच्याइतकं मनापासून कुणी हसत नसे.

आता तिचीच पाळी आली होती, आणि समोर होती धाकटी जाऊ. दोघींच्या शेतांमधली चार हात रुंद वाट कुणाची, यावरून अकरा वर्षं अबोला होता. मावशीला विहिरीवर जायची ती एकच जवळची वाट. ती गेली तर रोज दोन बादल्या घेऊन अख्ख्या शेताला वळसा, आणि गुडघ्यांनी तर आधीच संप पुकारलेला.

"आज मी बांधू का दोरी?" सुताराने विचारलं.

"तू? तू केलेल्या खुर्च्यांचे पाय आधी जागेवर राहू देत," म्हणत मावशीने स्वतःच गाठ मारली.

ओढाओढीचे सगळे डाव तिने पाहून ठेवले होते. धाकटीला अलगद डावीकडे, तिच्याच शेतात रेटत न्यायचं, एवढंच काम. पण सवयीने ती ओरडली, "आधी बांधलेला!" आणि स्वतः मात्र मोकळा पाय टाकला. दोघी तोंडघशी पडल्या. गाव पोट धरधरून हसलं.

दुसऱ्यांदा तिने खांद्याने रेटून पाहिलं. धाकटी ढिम्म हलली नाही आणि दोघी उताण्या झाल्या.

"हे डाव मलाही ठाऊक आहेत," धाकटी आभाळाकडे बघत म्हणाली. "दर वेळी बघायला येत होते मी."

अकरा वर्षांतलं हे पहिलं वाक्य. मावशीला हसू आलं आणि रागही आला.

तिसऱ्या वेळी दोघी जपून चालल्या. अर्धं अंतर गेलं आणि धाकटी तिच्या अंगावर रेलू लागली.

"ढकलतेस होय गं?" मावशी फिस्कारली.

मावशीने मान वळवली. धाकटीने एका हाताने स्वतःची कंबर घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा घामाने डबडबला होता. हे दुखणं कधीचं, मावशीला काहीच माहीत नव्हतं. शेजारी राहून माहीत नव्हतं, याची तिला लाज वाटली.

आता जरा जोर लावला असता, तर तिला डावीकडे फरफटत नेणं सोपं होतं. वाट पदरात पडली असती. मावशीने मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडली आणि धाकटीच्या कमरेभोवती हात घातला.

"टाक भार. सगळा टाक."

पावलागणिक रेघ मावशीच्या शेतात सरकत गेली. कुंपणाशी पोचल्यावर सुताराने मागे वळून पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "वाट धाकटीची."

मावशी दोरी सोडायला खाली वाकली. तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

"वाट माझी झाली ना?" धाकटीने सुताराला विचारलं.

"झाली."

"मग तिच्यावरून कोण जाणार, ते मी ठरवणार." ती मावशीकडे वळली. "ताई, उद्या सकाळी बादल्या घेऊन या. आणि आल्या आल्या पळू नका. अकरा वर्षांचं बोलायचं राहिलंय, आणि मला फार वेळ उभं राहवत नाही. बसावं लागेल तुम्हाला."