सिडनी की मोंबासा

मुलुंडमध्ये तीस वर्षं राहून मुंबईच्या वेळेशी ज्याचा काडीचाही संबंध नव्हता, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये ते स्टोअरकीपर होते. दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन जगातले दोन समुद्र मोजायचे. त्यांच्या भिंतीवर टोल्यांची दोन घड्याळं होती. एक सिडनीच्या वेळेचं, दुसरं मोंबासाच्या. मुंबईची वेळ सांगणारं घड्याळ त्या घरात नव्हतं. काकी पलीकडच्या कारखान्याच्या भोंग्यावर कुकर लावत आणि काका त्याच भोंग्यावर कामाला निघत.

रिटायर झाल्यावर काकींना घेऊन या दोहोंपैकी एका गावी जायचं, हे त्यांनी कधीचं ठरवलं होतं. कुठल्या, एवढंच ठरायचं होतं. सिडनी त्यांनी एका रंगाच्या कंपनीच्या कॅलेंडरवर पाहिली होती, आणि मोंबासा बोटीवर खलाशी असलेल्या मामाच्या तोंडून ऐकलं होतं. एवढ्या भांडवलावर त्यांचा अभ्यास अफाट. "सिडनी साडेचार तास पुढे. म्हणजे पोचलो की साडेचार तास गेलेच की रे," असं सोमवारी म्हणायचे. मंगळवारी सिडनीच्या वाळूचं असं वर्णन करायचे की ऐकणाऱ्याला चपला झटकाव्याशा वाटाव्यात. मोंबासाला माड आहेत, अगदी देवगडसारखे. मग एवढ्या लांब जायचं कशाला? आणि जिथे माड नाहीत तिथे तरी जायचं कशाला? सिडनीवाले उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात हे कळलं, तेव्हा तर ते आठवडाभर घुश्शात होते. "वेळेला जागत नाहीत, ते पाहुण्यांना काय जागणार?" तरीही एकतीस डिसेंबरला संध्याकाळी साडेसहाला सिडनीचं नवं वर्ष लागलं की काकींचा शिरा अख्ख्या बिल्डिंगला मिळे.

सिडनी साडेचार तास पुढे, मोंबासा अडीच तास मागे; दोन्ही गावं आपल्याशी अर्धा तास राखूनच वागतात. त्यामुळे आपल्याकडे तास भरला की त्या घरात दोन्ही घड्याळं साडेवर येत आणि नुसता एकेक टोला देत. रात्रीचे नऊ वाजोत की सकाळचे सहा, एकेकच. आम्ही यावरून काकांची भरपूर टिंगल केली. काकी हसायच्या आणि म्हणायच्या, "माका खंय पण न्या, पण दिसता हा तवसर न्या." त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता. काका मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तुलना सुरू करायचे. त्या माणसाच्या मनात दोन्ही किनारे इतके सुंदर होते की एक निवडणं म्हणजे दुसरा बुडवणं, असं त्यांना वाटत असावं.

काका रिटायर झाले त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की काकींची गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेलीही हळूहळू जाईल. त्या संध्याकाळी मी चहाला वर गेलो होतो. सहा वाजले आणि दोन्ही घड्याळांनी सहा-सहा टोले दिले. काकींच्या हातातली बशी तशीच राहिली. काकांनी दुपारी स्टुलावर चढून दोन्हीकडे मुंबईची वेळ लावली होती. "उगाच तीस वर्षं तुला नादी लावलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि आजवरच्या टिंगलीची लाजही वाटली.

काकींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मोंबासाचा होता तसा लावा. थंय आपणाक अडीज तास परत गावतत." इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. निकाल एका वाक्यात लागला.

ते मोंबासाला कधी गेले नाहीत. सिडनीचं घड्याळ काकांनी उतरवून ठेवलं. पुढे काकींना दिसेनासं झालं. एकदा मी गेलो तेव्हा दोघं गॅलरीत बसले होते. खाली अंधारून आलं होतं आणि समोरच्या घरांतून दिवे लागत होते. आतून एक टोला पडला.

"आता थंय किती?" काकींनी विचारलं.

"साडेचार," काका म्हणाले. "अजून चांगला उजेड आहे."

"मगे घाई नाय," काकी म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा सावरून बसल्या.